गाणारं व्हायोलिन

जिते स्टेशन. दिवा-रोहा गाडीला अजून वेळ आहे. कानात प्रभाकर जोगांचं ‘गाणारं व्हायोलिन’. वाद्य बोलतं म्हणतात ते ठीक. जोगांच्या गजातून मात्र शब्द, त्यांमधले श्वाससुद्धा ऐकू येतात. १९५५ मध्ये पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ सुरू झालं, तेव्हा बाबूजींच्या, म्हणजे सुधीर फडक्यांच्या साथीला जोग होते. पुढे त्यांचे सहायक, मुंबईच्या ध्वनिमुद्रणांत वादक, शिवाय स्वतः संगीतकार. तरी कितीतरी वर्षं दुसऱ्यांच्या गाण्यांतल्या मोकळ्या जागा भरण्यात गेली. तबकडीवर अशा वादकांची नावं क्वचितच छापली जात. (गायकाचा फोटो हमखास!) २०२१ मध्ये जोग गेले. बाबूजींचं जुनं गाणं लावाल तेव्हा एकदा गायकाला बाजूला ठेवा आणि अंतऱ्याआधीचं व्हायोलिन तेवढं ऐका.