जपानी येतं, पण वाचायचं काय?

डिसेंबर २०१४ मध्ये मी पुण्यात एन-वन दिली आणि पास झाले. जपानी भाषेच्या परीक्षेतली ही सगळ्यांत वरची पायरी. तेव्हापासून जपानीवरच माझं चाललं आहे. लग्नानंतर साताऱ्यात आले. घरूनच भाषांतराचं काम करते. मशीनची ड्रॉइंग, खराब मालाचे रिपोर्ट, मीटिंगची टिपणं. रोज सात-आठ तास जपानी डोळ्यांसमोर असतं. तरीही २०२२ पर्यंत मी एकही जपानी कादंबरी शेवटपर्यंत वाचली नव्हती.

हे मला कळलं ते सांगलीला माहेरी गेले होते तेव्हा. शेजारची एक मुलगी जपानी शिकायला लागली होती. तिनं विचारलं, "ताई, तुम्ही जपानीत काय काय वाचता?" मी पटकन म्हणाले, "तोत्तोचान." खरं तर तोत्तोचान हे पुस्तक मी मराठीतच वाचलं होतं. शाळेत असताना, आईच्या पुस्तकांतून. चेतना सरदेशमुख-गोसावींचा अनुवाद. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

साताऱ्याला परत आल्यावर सुरुवात केली ती फुकटापासून. आओझोरा बुन्को नावाचं एक मोठं मोफत ग्रंथालय इंटरनेटवर आहे, १९९७ पासून. मी सोसेकी हा जुना लेखक उघडला. शंभर वर्षांपूर्वीची भाषा. अर्थ लागत होता, पण दर ओळीला अडखळत होते. वीस पानांनंतर सोडून दिलं. दाझाई सोपा गेला, आवडलाही. पण तो १९४८ मध्ये वारला. मला आजचं जपान हवं होतं. ज्यांच्याशी मी रोज ईमेलवर बोलते ती माणसं घरी गेल्यावर कसा विचार करतात, ते हवं होतं. नंतर समजलं की ते तिथं मिळणारच नव्हतं. २०१८ च्या शेवटी जपाननं स्वामित्वहक्काची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षांवरून ७० केली. त्यामुळे १९६८ किंवा त्यानंतर गेलेल्या लेखकांचं लेखन मोफत यायला किमान २०३९ उजाडणार. मिशिमा आणि कावाबातासुद्धा त्यातच अडकले. हे आधी माहीत असतं तर माझे दोन महिने वाचले असते.

मग ओळखीच्यांना विचारलं. सगळ्यांनी ज्या याद्या दिल्या त्या शिकणाऱ्यांसाठी होत्या. सोप्या भाषेतल्या गोष्टी, मुलांची पुस्तकं, मांगा. त्यात वाईट काही नाही. पण मला भाषा शिकायची नव्हती, पुस्तक वाचायचं होतं. "हे तुझ्या लेव्हलचं आहे" एवढंच सगळे सांगायचे. "हे चांगलं आहे, का ते ऐक," असं सांगणारं कुणी भेटत नव्हतं. खपाच्या यादीतलं पहिलं पुस्तक घेतलं, तर ते आयुष्य कसं जगावं याबद्दल निघालं. तसली पुस्तकं आपल्या एसटी स्टँडवरही मिळतात.

तिसरी चूक महागात पडली. जपानहून चार पुस्तकं मागवली, कडक बांधणीची. पाठवणावळ पुस्तकांपेक्षा जास्त झाली. वर सीमाशुल्क. खोकं आलं जुलैत, साताऱ्याच्या ऐन पावसात. खालून भिजलेलं होतं. सगळ्यांत खालच्या पुस्तकाची पानं चिकटली होती. मी सुरीनं एकेक पान सोडवायला बसले आणि मध्येच उठून आत गेले.

त्याला कारण होतं. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. आमचं घर गावभागात, तळमजल्यावर. आईबाबांना आधीच मामाकडे हलवलं होतं, पण पुस्तकांची लोखंडी ट्रंक पलंगाखालीच राहिली. पाणी उतरल्यावर आम्ही ती उघडली, तर पुस्तकं एकमेकांना चिकटून विटेसारखी झाली होती. तोत्तोचान त्यातच होतं. सांगली नगर वाचनालयाची हजारो पुस्तकंही त्याच पाण्यात गेली. आई तेव्हा एवढंच म्हणाली, "ट्रंक धुऊन घे, उपयोगी पडेल."

साताऱ्यातल्या त्या खोक्यानंतर वर्षभर मी काही मागवलं नाही.

गाडी रुळावर आली ती पुण्याच्या माझ्या जुन्या सेन्सेईंमुळे, म्हणजे शिक्षिकेमुळे. त्यांनी बुन्गेइ शुन्जू मासिकाचा एक जुना अंक हातात ठेवला. आकुतागावा हा साहित्याचा पुरस्कार वर्षातून दोनदा दिला जातो, जानेवारीत आणि जुलैत. पुरस्कार मिळालेली कथा या मासिकात अख्खी छापतात आणि सोबत परीक्षकांची मतं असतात. सेन्सेई म्हणाल्या, "आधी मतं वाच. कोण कुणाशी का भांडलंय ते बघ. ज्या परीक्षकाशी तुझं पटेल, त्याच्या मागं जा." हा सल्ला मला सगळ्यांत जास्त उपयोगी पडला. एक परीक्षक म्हणतो भाषा नवी आहे, दुसरा म्हणतो पात्रं कच्ची आहेत. त्या वादातून आपल्याला काय आवडेल ते समजतं. शिवाय या कथा लांबीला आटोपशीर असतात. काम सांभाळून आठवड्यात एक संपते. नुसती रंगणारी गोष्ट हवी असेल तर नाओकी पुरस्कार बघावा, किंवा पुस्तकांच्या दुकानातली माणसं मतं देऊन निवडतात तो होन्या ताइशो. तो २००४ पासून आहे.

कागदाचा नाद सोडून ई-पुस्तकांकडे वळले. तिथंही दोन दिवस गेले, कारण कार्ड चालेना. शेवटी कळलं की बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार बंदच होते. ते चालू केले आणि काम झालं. दुकान निवडताना परदेशी कार्ड आणि पत्ता चालतो का, ते पैसे भरण्याआधी बघावं. दुसरं म्हणजे 'तामेशियोमी', म्हणजे सुरुवातीची पानं फुकट वाचायला देतात. ती वाचल्याशिवाय मी आता काहीच घेत नाही. घाई नसेल तर बुन्को आवृत्तीची वाट बघावी. बहुतेक पुस्तकं दोन-तीन वर्षांनी या छोट्या आकारात स्वस्तात येतात.

पहिलं पूर्ण केलं ते मुराता सायाकाचं 'कोन्बिनी निन्गेन', २०१६ चं. अठरा वर्षं एकाच दुकानात अर्धवेळ काम करणारी बाई. चार रात्रींत संपलं. मग वाकाताके चिसाकोचं पुस्तक घेतलं. त्यात म्हातारी बाई तोहोकूच्या, म्हणजे ईशान्य जपानच्या बोलीत स्वतःशी बोलते. तिथं एन-वन कामाला आली नाही. पुस्तकी मराठी शिकलेल्या माणसासमोर एकदम मालवणी यावी तसं झालं. मोठ्यानं वाचायला लागले तेव्हा हळूहळू उमगलं.

वाकाताके बाईंबरोबर, जानेवारी २०१८ मध्ये, इशिइ युका यांना आकुतागावा पुरस्कार विभागून मिळाला होता. पुस्तकाचं नाव 'ह्याकुनेन दोरो', शंभर वर्षांचा चिखल. घडतं चेन्नईत. लेखिका तिथं जपानी शिकवायची, पुस्तकातली बाईसुद्धा आयटीतल्या मुलांना जपानी शिकवते. अड्यार नदीला शंभर वर्षांतला मोठा पूर येतो. पाणी उतरल्यावर ती पूल ओलांडायला निघते. पुलावर चिखलाचे ढीग आहेत आणि लोक त्यातून हरवलेल्या वस्तू ओढून काढताहेत, वर्षांपूर्वी गेलेली माणसंसुद्धा. मध्येच साहेब लोक पंख लावून ऑफिसला उडत जातात. सुरुवातीला मला ते खटकलं. पण चिखलाची पानं मी थांबून थांबून वाचली. मनात आयर्विन पूल होता. त्या रात्री पहिल्यांदा वाटलं की एवढी वर्षं जपानी शिकले ते बरं झालं.

ऐकण्याचं थोडक्यात सांगते. जपानी टीव्हीवरच्या बऱ्याच मालिका हक्कांमुळे इथं दिसत नाहीत, त्यामागं लागू नये. 'युरु गेन्गोगाकु राजिओ' हा यूट्यूबवरचा कार्यक्रम मी स्वयंपाक करताना ऐकते. दोघं जण भाषेवर गप्पा मारतात. बोलण्याचा वेग खराखुरा आहे, शिकणाऱ्यांसाठी मुद्दाम कमी केलेला नाही.

ऑक्टोबर २०२३ मध्ये तोत्तोचानचा दुसरा भाग आला, पहिल्यानंतर ४२ वर्षांनी. त्याच आठवड्यात घेतला. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "मराठीत कधी येणार?" मला माहीत नव्हतं. म्हणून दर रविवारी संध्याकाळी मी फोन लावते आणि पान समोर ठेवून तिला मराठीत सांगत जाते. गोष्टीत युद्ध चालू आहे, घर सोडावं लागलंय. सध्या आम्ही आओमोरीत आहोत. कधी एखादा शब्द मला चटकन मराठीत सुचत नाही. मग आई विचारते, "म्हणजे कसं गं?" मी जमेल तसं समजावते, आणि शब्द तीच देते.