यंत्रांतील दहा राग

रागदारी आणि यंत्र यांचें सख्य जुळावयाचें नाहीं, ही समजूत पुण्यांतील अनेक घरांप्रमाणें आमच्याही घरांत पक्की होती. बिचाऱ्या पेटीचेंच पाहा. तिला श्रुति नाहींत, मींड नाहीं, या सबबीवर नभोवाणीनें १९४० सालीं तिच्यावर घातलेली बंदी सुमारें तीस वर्षें टिकली. सवाई गंधर्व महोत्सव आतां मुकुंदनगरांत, म्हणजे आमच्या बिबवेवाडीच्या शेजारींच, भरतो. तेथेंही ही समजूत अभिमानानें सांगणारे रसिक आम्हांस भेटतात. म्हणून चरणजित सिंग यांच्या एका ध्वनिमुद्रिकेविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात.

सिंग हे मुंबईच्या हिंदी चित्रपटसंगीतांतील वादक. १९८२ सालीं त्यांनीं रोलंड या जपानी कंपनीचीं तीन यंत्रें एकत्र जोडून भैरवी, ललत, तोडी, यमन, मालकंस इत्यादि दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजविले. एक यंत्र ठेका धरी, दुसरें खर्जांतील स्वराकृति न थकतां घोळवी आणि तिसऱ्यावर ते स्वहस्तें राग मांडीत. खर्जाच्या यंत्रास एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरतां येई; त्यानें मींडेचा भास होई. पाश्चात्त्य संगीतांत आधारस्वर वारंवार पालटतात. राग मात्र षड्जास धरून राहतो. एकाच जागीं फिरत राहणाऱ्या यंत्रास हें बंधन मानवलें, आणि तंबोऱ्याची जागा त्यानें आपल्या परीनें भरून काढली.

ध्वनिमुद्रिका निघाली आणि विस्मृतींत गेली. पुढें १९८७ सालीं शिकागोच्या तरुणांनीं याच खर्जयंत्रांतून ‘ॲसिड हाउस’ हा नृत्यसंगीताचा प्रकार जगापुढें आणला. २००२ सालीं एका डच संग्राहकास सिंग यांची तबकडी दिल्लींत सांपडली. २०१० सालीं ती पुन्हा प्रसिद्ध होतांच युरोप चकित झाला. हा कोणा आधुनिकाचा बनाव असावा, अशीही शंका निघाली!

आम्हांस खटकतें तें निराळेंच. रागाच्या चाहत्यांनीं डिस्को म्हणून ती टाकली, डिस्कोच्या चाहत्यांनीं राग म्हणून. आणि शेवटीं वाहवा झाली ती ‘शिकागोच्या आधीं’ म्हणून. यांत ललत ललतासारखा लागला कीं नाहीं, हें विचारलें कोणीं? आमच्या कानास तोडीचा अतिकोमल गंधार येथें हरवतो. यंत्राच्या ठराविक सुरांत तो मावत नाहीं. उलट मालकंस आपली गंभीर चाल सोडीत नाहीं. असा खरा दोष आणि खरा गुण सांगणारा श्रोता सिंग यांस १९८२ सालींच मिळावयास हवा होता.

आमचा एक विद्यार्थी संगणकावर मारवा बांधतो. घरीं त्याची थट्टा होते. तो आमच्याकडे मत मागण्यास येतो. आम्ही त्याचें काम सबंध ऐकतों, रिषभ कोठें चुकला तें सांगतों आणि जेथें साधला तेथें मोकळेपणानें दाद देतों. सिंग यांस जगानें ओळखलें तेव्हां ते सत्तरीस आले होते. २०१५ सालीं ते वारले. एवढें आयुष्य आणि एक डच संग्राहक प्रत्येकाच्या वांट्यास येतोच असें नाहीं.