मत लेखकाचं की आपलं?

कॅट या व्यवस्थापनाच्या प्रवेशपरीक्षेतल्या उताऱ्याखाली ‘लेखकाचा दृष्टिकोन कोणता?’ असा प्रश्न आला की माझी चांगली हुशार मुलंही अडखळतात. इंग्रजी कच्चं असतं म्हणून नव्हे. विषयाबद्दल त्यांचं मत आधीच ठरलेलं असतं, आणि तेच ती लेखकाच्या तोंडी घालतात.

बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी शिकवणीला मराठी, गुजराती दोन्ही मुलं येतात. त्यांच्यासाठी मी बडोदा संस्थानच्या सयाजीराव गायकवाड महाराजांवर इंग्रजीत एक उतारा लिहिला. महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यातल्या काही गावांत सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लागू केलं. हेतू स्तुत्यच होता. पण मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकांना दंड होई, आणि ज्या घरांना शेतात मुलांचे हात लागत त्यांना त्याची झळ जास्त बसली, असं पुढे लिहिलं. बहुतेकांनी डोळे मिटून ‘निस्सीम आदर’ हा पर्याय निवडला.

एक मुलगी म्हणाली, “ताई, आपल्या महाराजांबद्दल दुसरं काय लिहिणार कोणी?”

तिचा अभिमान मला मनापासून आवडला. महाराजांनीच सुरू केलेल्या सेंट्रल लायब्ररीत वाचत मोठ्या झालेल्या मुलीला असं वाटणारच. पण उताऱ्यातला आदर ‘पण’च्या अलीकडे होता आणि आक्षेप पलीकडे. बरोबर पर्याय होता: हेतूबद्दल आदर, अंमलबजावणीबद्दल शंका.

मी मुलांना आधी उत्तर विचारतच नाही. प्रत्येक वाक्याशेजारी ते कोणाचं, एवढंच लिहायला लावते: लेखकाचं, की त्याने ज्यांचा हवाला दिला त्यांचं? विरोधकांचं म्हणणं सविस्तर मांडून मग ते खोडून काढणारे लेखक पुष्कळ असतात, आणि घाईत वाचणारा नेमका त्या विरोधकांचा होऊन बसतो. मग विशेषणं, क्रियाविशेषणं बघायची. ‘कदाचित’, ‘बऱ्याच अंशी’ असं जपून लिहिणारा माणूस सहसा तिरस्कारापर्यंत जात नाही, त्यामुळे टोकाचे पर्याय बहुधा गळतात. कॅटमध्ये चुकीच्या पर्यायाला एक गुण कापतात, तेव्हा हे गाळणं फार उपयोगी पडतं.

आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेतल्या वाचन विभागातला ‘येस, नो, नॉट गिव्हन’ हा प्रकार तर मला फार मोलाचा वाटतो. ६० मिनिटांत ४० प्रश्न सोडवायचे असतात, तरीही लेखकाने यावर मत दिलंय का, हे तिथे थांबून तपासावंच लागतं. दिलेलं नाही, हेही उत्तर असतं. ज्याच्याशी आपलं पटत नाही त्याचंही म्हणणं जसंच्या तसं ऐकून घ्यायची सवय मुलांना यातून लागते, आणि मला ती गुणांपेक्षा मोठी वाटते.

त्या मुलीने उत्तर मान्य केलं, लेखकाचं म्हणणं मात्र नाही. दंड नसता तर मुली शाळेत आल्याच नसत्या, असं तिचं ठाम मत. ते मी तिला वेगळ्या कागदावर लिहायला सांगितलं. तिने दीड पान लिहिलं, आणि त्यात दंडाची बाजू फार नेटकी मांडली आहे.