पंच्याऐंशी सालची गाणी

वर्षअखेर आली म्हणजे कारकून जसे जमाखर्चाच्या वह्या उघडून बसतात, तसे हल्लीचे संगीतवेडे तरुण त्या वर्षातील आवडत्या ध्वनिमुद्रिकांच्या याद्या मांडून बसतात. पहिली कोणती, दुसरी कोणती, दहावी कोणती! आमची कन्या याच संप्रदायातील आहे. तिच्या आवडीविरुद्ध आमचे काही म्हणणे नाही. आमचा आक्षेप आहे तो घाईवर. जे गाणे नोव्हेंबरात जन्मास आले, त्याची पत्रिका डिसेंबरात कशी मांडावी? लोणचे घातल्या दिवशीच चाखून निकाल देणारी सुगरण आम्ही तरी पाहिलेली नाही. म्हणून आम्ही आमची यादी चाळीस वर्षे मुरू दिली आहे. साल 1985, देश मुख्यत्वे इंग्लंड, आणि गाणी पंक, इंडी व फोक या तीन घराण्यांतली.

ही घराणी अपरिचित वाटणाऱ्या वाचकांसाठी दोन शब्द. पंक म्हणजे 1976-77 च्या सुमारास लंडनात उठलेला गदारोळ. गिटारीवर तीन कॉर्ड ज्याला वाजविता आल्या त्याने खुशाल रंगमंचावर चढावे, आणि मागल्या पिढीचे जे जे असेल ते अडगळीत फेकावे, असा त्याचा बाणा. इंडी हे मुळी स्वरांचे नावच नव्हे, व्यवहाराचे आहे. बड्या कंपन्यांच्या पायऱ्या न झिजविता लहान, स्वतंत्र संस्थांनी काढलेल्या ध्वनिमुद्रिका त्या इंडी. फोक म्हणजे लोकगीत; आणि पंकवाला त्याच्या वाटेस कधी जाईल, यावर 1977 साली कोणी कवडीही लावली नसती. सेसिल शार्पसारख्या संग्राहकांनी विसाव्या शतकाच्या आरंभी खेडोपाडी हिंडून जमविलेली ती गाणी. ती गंभीर चेहऱ्याने, एका कानावर हात ठेवून म्हणावयाची. (कानावर हात आपले शाहीरही ठेवतात; पण त्यांच्या चेहऱ्यावर तो सुतकी भाव आम्हांस कधी दिसला नाही.)

असे असता आठच वर्षांत हे दोघे एका ताटात जेवू लागले. ते का, हा प्रश्न आमच्या यादीच्या मुळाशी आहे. आणि त्याचे उत्तर संगीतशाळेत नसून कोळशाच्या खाणीत आहे, असे आमचे मत आहे.

मार्च 1984 मध्ये ब्रिटनमधील खाणकामगारांनी खाणी बंद करण्याच्या सरकारी बेताविरुद्ध संप पुकारला. एकीकडे थॅचरबाई, दुसरीकडे स्कारगिल, आणि मध्ये लाखाहून अधिक माणसांचे संसार. वर्षभर तो चालला, आणि 3 मार्च 1985 रोजी कसलाही करार पदरात न पडता मागे घेतला गेला. पुष्कळ गावी माणसे आपापल्या संघटनेचे निशाण व बॅण्ड पुढे घालून, वाजतगाजत, हरून कामावर परतली. या संपाच्या मदतीसाठी गावोगाव जे जलसे झाले त्यांत ही गिटारवाली पोरे जाऊन पोचली होती. बिली ब्रॅग हा त्यांतला एक. 1981 साली लष्करात भरती झालेला, आणि तीन महिन्यांत 175 पौंड भरून स्वतःस सोडवून घेतलेला हा बार्किंगचा पोरगा. एकटाच उभा राही आणि विजेची गिटार खडखडवी. त्या जलशांत भेटलेल्या म्हाताऱ्या लोकगायकांची गाणी आपल्यापेक्षा जहाल निघाली, असे त्यानेच पुढे सांगितले आहे. हे आम्हांस फार मोलाचे वाटते. ज्यांना आपण वस्तुसंग्रहालयातील मडकी समजत होतो, त्यांत अद्याप दारू ठासलेली आहे हे त्या पोरांना तेथे कळले.

ब्रॅगची 1985 सालची ‘बिट्वीन द वॉर्स’ ही चारच गाण्यांची लहान तबकडी. तीवरील एक गाणे मूळचे अमेरिकेतील. केंटकीच्या हार्लन परगण्यात फ्लोरेन्स रीस नावाच्या, खाणकामगाराच्या पत्नीने 1931 सालच्या लढ्यात ते रचले. दुसरे लिऑन रोसेलसनचे, 1649 साली सरे परगण्यातील पडीक जमीन सर्वांची म्हणून खणू लागलेल्या ‘डिगर्स’ लोकांविषयी. तीनशे वर्षांमागचे शेतकरी, पन्नास वर्षांमागच्या खाणी आणि कालचा संप, अशी ही एकाच सुतळीत ओवलेली माळ. यादीत लहान तबकडीस जागा नसते असे आमची कन्या म्हणते. आमच्या यादीत आहे.

मीकॉन्स ही लीड्स येथील मंडळी. विद्यापीठात चित्रकला शिकणाऱ्या पोरांनी पंकच्या पहिल्या लाटेत ती काढली, आणि त्या वेळी त्यांना वाद्ये धड येत नसत याचा त्यांना अभिमान होता. 1985 साली त्यांनी ‘फिअर अँड व्हिस्की’ काढली ती अमेरिकन ‘कंट्री’च्या ढंगात, व्हायोलिनच्या साथीने. तीतील एका गाण्याचे नाव दक्षिण वेल्समधील ॲबरनंट या खाणीवरून ठेवले असून त्याला ‘1984/5’ असे साल जोडले आहे. एवढी तारीख पुरे. सबंध ध्वनिमुद्रिका म्हणजे हरलेल्या माणसांची एक लांबलेली रात्र आहे: कोणी पितो, कोणी नाचतो, कोणी भीत भीत दाराकडे पाहतो. घोषणा नाही. शेवटी ते हँक विल्यम्सने 1949 साली गाजविलेले ‘लॉस्ट हायवे’ गातात, आणि ते त्यांचेच वाटते.

ही ध्वनिमुद्रिका ऐकताना आमचे मन प्रत्येक वेळी परळ-लालबागकडे जाते. 18 जानेवारी 1982 रोजी दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरण्यांत जो संप सुरू झाला त्यात सुमारे अडीच लाख माणसे होती, आणि तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. त्या गिरणगावापाशी गाणी नव्हती काय? अण्णाभाऊ साठे, अमरशेख व गवाणकर यांचे 1944 साली निघालेले लालबावटा कलापथक याच वस्तीपुढे डफ वाजवून गेले होते. चाळीचाळीतून भजने होती, शक्तितुरा होता. त्या सुमारास दादर-पार्ल्याकडील ज्या मुलांच्या हाती गिटारी होत्या, त्यांपैकी किती जणांनी तो डफ उचलून पाहिला? लीड्सच्या पोरांना विद्यापीठातून खाणीपर्यंत जाण्यास जितकी वाट चालावी लागली, तितकी पार्ल्याहून लालबागला जाण्यास खात्रीने लागत नाही.

इंडीवाल्यांचा निकाल थोडक्यात लावतो. मँचेस्टरच्या स्मिथ्स मंडळींची ‘मीट इज मर्डर’ फेब्रुवारी 1985 ची. ‘रफ ट्रेड’ने काढलेली ही ध्वनिमुद्रिका विक्रीत इंग्लंडात पहिली आली. मांसाहार म्हणजे खून, हे नाव वाचून आमच्या एका माळकरी मावशींनी त्या मंडळींस आशीर्वाद दिला होता. गाणे ऐकून तो टिकला असता की नाही ते सांगवत नाही. पहिलेच गाणे छडीबहाद्दर हेडमास्तरांविषयी आहे. आमच्या पेशातील माणसाने ते वर्षातून एकदा ऐकावे. ‘जीझस अँड मेरी चेन’ या स्कॉटिश बंधूंच्या ‘सायकोकँडी’त गोड चालीवर करवतीसारखा आवाज सोडला आहे, घरात दुसरे कोणी नसता ती लावावी. अमेरिकेच्या आर. ई. एम. मंडळींनी मात्र त्या वर्षी एक मार्मिक गोष्ट केली. आपल्या दक्षिणेकडील दंतकथा गावयाच्या म्हणून ते जॉर्जियाहून निघाले आणि लंडनात जो बॉइडकडे आले. फेअरपोर्ट कन्व्हेन्शन व निक ड्रेक यांच्या फोक ध्वनिमुद्रिका ज्याच्या हातून घडल्या तोच हा बॉइड. ‘फेबल्स ऑफ द रिकन्स्ट्रक्शन’ हे त्या प्रवासाचे फळ. किंचित ओलसर, किंचित अंधारे, पण टिकाऊ.

आता आमची पहिली. पोग्ज यांची ‘रम, सॉडमी अँड द लॅश’, ऑगस्ट 1985. मंडळींच्या नावाचा अर्थ व ध्वनिमुद्रिकेच्या नावाचे भाषांतर आम्ही देत नाही, कारण हे मासिक घरातील सर्वजण वाचतात. ते दुसरे नाव ब्रिटिश आरमाराच्या परंपरेविषयी चर्चिलच्या तोंडी घालण्यात येणाऱ्या एका वाक्यातले, इतकेच सांगतो. वेष्टनावर जेरिकोचे ‘मेड्यूसाचा तराफा’ हे प्रसिद्ध चित्र आहे, आणि त्यातील मरणोन्मुख खलाशांच्या धडांवर या महाभागांनी आपली तोंडे बसविली आहेत. वाद्ये अकॉर्डियन, बँजो, टिनची बासरी. बासरीवाला पूर्वी बिअरचा पत्र्याचा ट्रे आपल्याच टाळक्यावर आपटून ताल धरीत असे. गायक शेन मॅगॉवन 1957 साली नाताळाच्या दिवशी इंग्लंडात आयरिश आईबापांच्या पोटी आला, पंकच्या गर्दीत वाढला, आणि 30 नोव्हेंबर 2023 रोजी निवर्तला. दात पडके, उच्चार अस्पष्ट. “बाबा, हा गातोय की भांडतोय?” असे कन्येने प्रथम विचारले होते.

त्याची थोरवी अशी, की यातले कोणते गाणे दोनशे वर्षांपूर्वीचे व कोणते गेल्या महिन्यातले हे ऐकून सांगता येत नाही. ‘डर्टी ओल्ड टाउन’ हे गाणे पुष्कळजण जुने आयरिश समजतात. वस्तुतः ते इव्हन मॅककॉलने 1949 साली आपल्या सॅलफर्ड गावाविषयी, एका नाटकात देखावा बदलण्यास वेळ मिळावा म्हणून लिहिले. ‘अ पेअर ऑफ ब्राऊन आइज’ मॅगॉवनचे स्वतःचे. त्यात गुत्त्यात बसलेला एक तरुण शेजारच्या म्हाताऱ्याची लढाईची हकिगत ऐकतो, आणि दोघांची दुःखे एकमेकांत मिसळतात. शेवटचे गाणे एरिक बोगलचे, 1971 चे. 1915 साली गॅलिपोलीच्या लढाईत पाय गमावलेल्या एका ऑस्ट्रेलियन शिपायाचे. हे गाणे म्हणणारे बहुतेक गायक श्रोत्यांच्या आधी स्वतः गहिवरतात. मॅगॉवन गहिवरत नाही. तो ते शपथेवर साक्ष दिल्यासारखे म्हणतो.

1992 साली लीड्सला शिकावयास गेलेल्या एका मित्राने आम्हांस नव्वद मिनिटांची कॅसेट पाठविली. एका बाजूस मीकॉन्स, दुसरीस पोग्ज. बाजू पंचेचाळीस मिनिटांची आणि ही ध्वनिमुद्रिका त्याहून किंचित लांब. त्यामुळे तो शिपाई ओटीवर बसून लढाईच्या स्मरणार्थ निघालेली मिरवणूक पाहतो आहे, तोच खट्कन फीत संपे. उरलेले ते जेमतेम मिनिट आम्ही 2004 साली ऐकले. मिरवणुकीतील म्हातारे दरसाल कमी कमी होत जातात, एवढेच त्यात आहे.