सुताराचा गुण्या

राजस्थानीत खाती म्हणजे सुतार. खातीपुऱ्यास बदली झाल्यावर या नावाची आम्हांस गंमत वाटली, कारण आमचा सायंकाळचा छंदही सुतारकीचाच. ईमॅक्स या संगणकीय मजकूर-संपादकाचा पायथॉन-मोड आम्ही हौसेने सांधतो. पायथॉन भाषेत ओळ चार जागा आत सरकली की अर्थच पालटतो! २०१२ च्या चोविसाव्या आवृत्तीपासून ईमॅक्ससोबत ‘ईआरटी’ हा गुण्या मिळतो. तात्पुरत्या पानावर नमुना उतरवावा, यंत्राकडून ओळी सरकवाव्यात, अपेक्षित मजकुराशी अक्षरशः ताडाव्यात. एक खोड काढताना दुसरी उपजली, तर क्षणात कळते. बदलीच्या नोकरीत कार्यभार देताना नस्त्या मागे राहतात, निर्णयांची कारणे मात्र आपल्याबरोबर जातात. येथे कसोटीच्या नावातच कित्येकदा जुन्या तक्रारीचा क्रमांक असतो. आमच्या कसोट्या आम्ही गेल्यावरही नव्या माणसास अडवतील.