यवतेश्वरच्या चढावर

अब्बांचा आमच्या हातांवर भरवसा होता, कानांवर नव्हता. साताऱ्यात पोवई नाक्यापासून थोडे आत आमचे गॅरेज. शाळा सुटली की आम्ही दोघे भाऊ तिथेच असायचो. पुढे आम्ही स्वतः मिस्त्री झालो, अख्खी इंजिने खोलून बांधू लागलो. पण टायमिंग लावायची वेळ आली की अब्बा आम्हाला बाजूला करायचे. "हटो, अब हमको सुनने दो." मग डेल्कोवर हात ठेवून, मान तिरकी करून ते ऐकत राहायचे.

गेल्या वर्षी सांगलीहून टेम्पोत घालून एक स्टँडर्ड हेरल्ड आली. विश्रामबागेतल्या एका निवृत्त प्राध्यापकांची, त्यांच्या वडिलांनी घेतलेली. १९६१ पासून या गाड्या मद्रासला बनत होत्या. विलायतेत याच हेरल्डची चासी आखूड करून १९६२ साली स्पिटफायर नावाची दोन सीटची स्पोर्ट्स कार निघाली, इंजिनही त्याच घराण्यातले. म्हणून प्राध्यापक आपल्या गाडीला 'स्पोर्ट्स कारची थोरली बहीण' म्हणत. आम्हाला थोरल्या बहिणीत दिसले ते ९४८ सीसीचे जाम झालेले इंजिन आणि सीटखाली उंदरांचा संसार. एक मात्र खरे. हिचे बॉनेट मडगार्डांसकट पुढे कलते आणि मिस्त्रीला पुढच्या टायरवर बूड टेकून काम करता येते. ज्याने ही गाडी आखली त्याला मिस्त्रींची कंबर ठाऊक असावी.

बोअर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग यांत चार महिने गेले. पिस्टन मिळवताना तर नाकी नऊ आले, कारण कंपनी कधीच बंद पडलेली. इंजिन बसले आणि टायमिंगचा दिवस आला.

ज्यांनी हे काम पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. पेट्रोलची वाफ ठिणगी पडताच एकदम भडकत नाही, तिला जळायला थोडा वेळ लागतो. इंजिन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल तर सेकंदाच्या हजाराव्या भागात क्रँक १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन माथ्यावर पोचण्याच्या आधीच ठिणगी टाकावी लागते. फार आधी टाकली तर वर येणाऱ्या पिस्टनला जाळ उलटा दाबतो, उशिरा टाकली तर गाडी ओढत नाही आणि तापते. बांधलेल्या इंजिनाला पहिली जागा बल्ब लावून द्यायची. चार नंबरचे दोन्ही व्हॉल्व्ह एकाच वेळी हलताना दिसले की एक नंबर ठिणगीला तयार आहे असे समजायचे. पॉईंटमध्ये १५ थाऊचे, म्हणजे इंचाच्या १५ हजारांशांचे अंतर ठेवायचे. डेल्कोच्या वायरीला आणि बॉडीला १२ व्होल्टचा बल्ब जोडून डेल्को हळूहळू फिरवायचा. बल्ब पेटला, म्हणजे पॉईंट उघडले, तिथे ठिणगी. एवढे आम्हीही करतो.

पण पुस्तकातला आकडा त्या काळच्या पेट्रोलचा. शिशाचे पेट्रोल २००० साली देशभर बंद झाले. आता पंपावर मिळते त्यात वीस टक्के इथेनॉल, काही उसापासून केलेले. म्हणजे सांगलीच्या गाडीला आता घरचाच ऊस प्यावा लागतो. हे पेट्रोल सहज ठोकत नाही, तेव्हा ठिणगी पुस्तकापेक्षा थोडी आधी टाकता येते. किती आधी, ते चढावर कळते. टॉप गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबायचा, इंजिनातून बारीक खडखड आली की डेल्को केसभर मागे घ्यायचा.

अब्बांनी गाडी यवतेश्वरच्या घाटात काढली. आमच्यातला एक शेजारी बसला, एक मागे. पहिल्या चढाला अब्बा म्हणाले, "अभी सुस्त है." उतरून डेल्को पुढे केला. दुसऱ्या चढाला पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पुढे केला तेव्हा आम्हा दोघांनाही ते ऐकू आले, डब्यात छर्रे हलवावेत तसे. आम्ही आरशात एकमेकांकडे पाहिले. अब्बा खुशीत होते. "अब भागती है."

त्यांना तो आवाज येतच नव्हता. पन्नास वर्षे हातोड्यांच्या आणि सायलेन्सर काढलेल्या इंजिनांच्या आवाजात गेली. अशा कानांतून बारीक, उंच आवाज आधी जातात. बोललेले त्यांना सगळे कळायचे, म्हणून आमच्या ध्यानातच आले नव्हते. आणि ही खडखड नेमकी बारीक आवाजाची. ती तशीच राहिली असती तर नव्या पिस्टनला भोक पडले असते.

सांगायचे कुणी? त्या रात्री दोघांपैकी कुणीच बोलले नाही. पहाटे अब्बा यायच्या आत आम्ही गॅरेज उघडले, डेल्को मागे घेतला, एकट्याने चढावर गाडी नेऊन आवाज नाही याची खात्री केली. चोरी केल्यासारखे वाटत होते. चोरीच होती म्हणा.

अब्बांनी डेल्कोच्या खाली खडूची रेघ मारून ठेवली होती, हे आम्ही विसरलो. सकाळी आल्या आल्या त्यांनी बॉनेट कलते केले. रेघेपासून डेल्को सरकलेला पाहिला. बराच वेळ टायरवर बसून राहिले. आम्ही पाने पुसत होतो, पुसलेलेच पुन्हा.

"कितना खडक रही थी?" त्यांनी विचारले.

"बहुत, अब्बा."

त्यांनी फडक्याने ती रेघ पुसली, खडू आमच्या हातात दिला आणि चहा सांगायला गेले.

जुम्म्यानंतर गाडी सांगलीला पोचवायला निघालो. अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. अब्बा पहिल्यांदाच मागच्या सीटवर बसले. कऱ्हाड गेले, पेठ नाका आला, ते काही बोलले नाहीत. इस्लामपूरच्या पुढे एका उसाच्या ट्रॅक्टरला ओलांडायला ॲक्सिलरेटर दाबला, तेव्हा मागून खांद्यावर हात आला.

"आया क्या?"

"नहीं अब्बा."

"आया तो बोलना."