गोलांची गणती आणि खेळाडूची पारख

फुटबॉलचा हंगाम संपत आला म्हणजे आमच्या शाळेंतील मुलांत एकच वाद चालतो: आघाडीचा उत्तम खेळाडू कोणता? बारामती-इंदापूर हा प्रांत उसाचा आणि कुस्तीचा. तरी संध्याकाळीं मैदानावर चेंडू पडला कीं त्यामागें धांवणाऱ्या मुलांची वाण नसते. वादाचा निकाल तीं गोल मोजून लावितात. गोलापूर्वींचा शेवटचा पास देणारासही 'असिस्ट' या नांवानें श्रेय मिळतें, म्हणून त्यांच्या वहींत दुसराही रकाना असतो. पण या दोन रकान्यांवर किती विसंबावें?

इंडियन सुपर लीगचा २०२०-२१ चा हंगाम पाहावा. महामारीमुळें सर्व सामने गोव्यांत झाले. हंगामाअखेर एफसी गोवाचा इगोर अँगुलो व एटीके मोहनबागानचा रॉय कृष्णा या दोघांचेही गोल १४ भरले. ते कमी मिनिटांत केल्यामुळें 'गोल्डन बूट' अँगुलोस मिळाला. सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र कृष्णाकडे गेला. त्याच्या नांवावर ८ असिस्टही होते. गोलांचा आंकडा एकच, पण पारख दोन प्रकारची!

आतां हंगामाच्या उत्तरार्धांतील बहराचें उदाहरण घेऊं. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं मुंबई सिटीनें ओडिशाचा ६-१ असा पराभव केला व बिपिन सिंगनें तीन गोल केले. परंतु ओडिशाचा संघ त्या वर्षीं तळाशीं होता, हें जाणत्यानें विसरूं नये. खरी परीक्षा १३ मार्च रोजीं फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यांत झाली. मोहनबागानचा गोल कृष्णानें प्रतिपक्षाकडून चेंडू हिसकावून दिलेल्या पासावर झाला होता. पुढें बरोबरी झाली. ९० व्या मिनिटास मुंबईच्या ओगबेचेनें गोलरक्षकाच्या अंगावर धांवून जाऊन चेंडू मिळविला, तो बिपिनकडे सरकविला, आणि बिपिनच्या गोलानें मुंबई २-१ अशी जिंकली. वहींत एक गोल व एक असिस्ट इतकेंच लिहिलें जाईल. ती धांव कोणत्याच रकान्यांत मावत नाहीं.

असिस्टच्या रकान्यांत दुसरेंही एक वैगुण्य आहे. उत्तम पास देऊनही सहकाऱ्यानें चेंडू बाहेर मारिला, तर देणाऱ्याच्या नांवापुढें शून्यच राहतें. शिवाय चार-पांच सामन्यांचा हिशेब फार लहान असतो. एका सामन्यांतील तीन गोलांनीं तो फुगतो.

गेल्या हंगामाअखेर इंदापूरच्या मुलांशीं बारामतीस खेळावयाचा संघ आम्ही निवडीत होतों. आमच्या एका फॉरवर्डनें सलग चार सामन्यांत गोल केला नव्हता. त्यास वगळावें, असा मुलांचा आग्रह होता. मीं मात्र पाहिलें होतें कीं, तो उजवीकडे सरकला म्हणजे प्रतिपक्षाचे दोन बचावपटू त्यामागें जात व डावीकडील मुलास मोकळें मैदान मिळे. मीं त्यास संघांत ठेविला. त्या दिवशींही त्याचा गोल झाला नाहीं. आमचे दोन्ही गोल मात्र डावीकडून झाले. घरीं परततांना तो मुलगा खालीं मान घालून बसला होता. वहीनें त्यास काय सांगितलें असतें, याचा मीं विचार करीत होतों.

विद्यार्थिमित्रहो, गोल अवश्य मोजा. सामना गोलांनींच जिंकतात. पण मोजल्यावर तीन प्रश्न विचारा: किती मिनिटांत, कोणत्या संघाविरुद्ध व कोणाच्या साहाय्यानें? आणि कोऱ्या रकान्यावरून कोणास निकालांत काढूं नका. ४ मे २०२४ रोजीं कोलकात्याच्या अंतिम सामन्यांत हाच बिपिन सिंग बदली खेळाडू म्हणून उतरला, ८१ व्या मिनिटास त्यानें मुंबईस आघाडी मिळवून दिली, व मुंबई ३-१ अशी विजयी झाली.